रंगाऱ्याची आवड

लाजेची गोष्ट आहे, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. आमचा केबलचा धंदा उभा राहिला तो तसल्या पिक्चरांवर.

तसले म्हणजे कसले, ते सांगत बसत नाही. तुम्हाला कळलंय. माझ्या वडलांनी शहाऐंशी साली चिंचणगावात व्हिडिओ पार्लर टाकलं. पुढच्या खोलीत देवाधर्माचे पिक्चर, मागच्या खोलीत पडदा ओढून तसले. पुढची खोली श्रावणात भरायची, मागची बारा महिने. त्या मागच्या खोलीनंच दुसरा व्हीसीआर आणला, मग गच्चीवर डिश आणली, मग गावभर वायर फिरवली. गावातली सभ्य माणसं त्याच वायरीवर भजनं बघायची आणि आम्हाला बघून नाकं मुरडायची. तेव्हापासून मला एक कळलंय. चित्र घरोघर पोचवायचं कुठलंही नवं यंत्र येऊ द्या, त्याचं पहिलं गिऱ्हाईक मागच्या दारानं येतं. पुढच्या दारानं येणारे नंतर येतात आणि आपणच पहिले असं सांगतात.

मी हणमंत शेडगे. वय अठ्ठावन्न. गाव मला अण्णा म्हणतं. बायको शैला, अंगणवाडीत सेविका. एकुलती एक मुलगी तेजल, जनावरांची डॉक्टर. आमच्या घराण्यात कुणाच्या नावापुढं डॉक्टर लागेल असं वडलांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. पोरगी शिकली, गावातच परत आली, दूध संघाची डॉक्टर झाली. मोटारसायकलवर मागं पेटी बांधून वाड्या-वस्त्यांवर फिरायची. अडलेली म्हैस कोपरापर्यंत हात घालून सोडवायची. तिचा मला एवढा अभिमान होता की मी समोरच्याला तो विषय काढायची संधीसुद्धा द्यायचो नाही, स्वतःच काढायचो.

जे झालं ते दोन हजार सदतीसच्या मार्गशीर्षात झालं. पण ते समजायला आधी रंगाऱ्या समजायला हवा.

पूर्वी चित्र पाठवायचं म्हणजे खरोखर चित्रच पाठवायचं. सेकंदाला पंचवीस फोटो, फोटोत लाखो ठिपके. कितीही दाबा, चेपा, ओझं ते ओझंच. नव्या पद्धतीत चित्र पाठवतच नाहीत, नुसतं वर्णन पाठवतात. डोकं इथं, हात तिथं, ओठ एवढे उघडले, साडी हिरवी, उजेड डावीकडून. मूठभर आकडे, बस्स. घेणाऱ्याच्या बॉक्समध्ये एक शिकवून तयार केलेलं यंत्र बसलेलं असतं. ते या आकड्यांवरून जागच्या जागी चित्र नव्यानं रंगवतं. फोनवर कुणीतरी सांगतोय आणि पेंटर भिंतीवर काढतोय, असं समजा. आम्ही केबलवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं रंगाऱ्या.

आता हा रंगाऱ्या शिकवला कुणी? तसल्या पिक्चरवाल्यांनीच! त्यांना चारी बाजूंनी मार होता. सरकारं साइट बंद करत होती, बँका दारात उभं करत नव्हत्या. त्यांनी डोकं चालवलं. पिक्चर वायरीतून गेलाच नाही तर पकडणार काय? वायरीत नुसते आकडे. शिवाय माणसाचं अंग, कातडी, चेहऱ्यावरचे भाव, यांचा त्यांच्याएवढा साठा जगात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. त्या साठ्यावर रंगाऱ्याचा हात बसला. इतका बसला की पाच-सहा वर्षांत बातम्या, क्रिकेट, कॉलेजचे तास, ग्रामसभा, सगळं तोच रंगवायला लागला. आला कुठून हे कुणी विचारलं नाही. स्वस्त होता ना!

त्याच्यात आणखी एक कप्पा होता. आवड. तुम्ही चित्र कुठं थांबवता, कुठं मागं घेता, कुठला चेहरा पुन्हा पुन्हा बघता, हे तो टिपून ठेवतो आणि पुढचं चित्र रंगवताना हात जरा तिकडं झुकवतो. वर्णनात सांगितलंय ते बदलत नाही, न सांगितलेलं तेवढं, दोन आकड्यांच्या मधली मान, ओठ, हातसुद्धा, आपल्या मनानं भरतो. पण न सांगितलेलं केवढं असतं! डोळे कुठं वळले हे आकड्यांत असतं, त्या नजरेत काय होतं हे नसतं. घरगुती बॉक्समध्ये हा कप्पा कुलूप लावूनच येतो. आणि गिऱ्हाईकाची अब्रू झाकणं हा त्या धंद्याचा पहिला नियम, म्हणून आवडीची नोंद बॉक्सच्या बाहेर कुठंही जात नाही. कंपनीकडंही नाही. पुसली की गेली.

आता माझी करामत ऐका. नियमानं घरटी एक बॉक्स लागतो. आमच्याकडं अकराशे जोड, म्हणजे कनेक्शन. मग आम्ही केबलवाले बापजाद्यांपासून जे करत आलोय तेच मी केलं. एक बॉक्स आणि त्याच्यापुढं जोड. कंट्रोल रूममध्ये एकच मोठा बॉक्स बसवला. सगळ्या वाहिन्या तिथं रंगवायच्या आणि तयार चित्र जुन्या वायरीनं अकराशे घरांत सोडायचं. घरगुती बॉक्स एवढं ओझं ओढत नाही. ओढतो तो तसल्या वाहिन्यांच्या लायसनचा. तो मी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलून आणला. त्याचा आवडीचा कप्पा उघडा होता. मला ते माहीत होतं. म्हटलं, असेना का!

आणि टेस्टिंग. लाइन नीट चाललीय का हे बघायचं तर केबलवाला तसलाच पिक्चर लावतो, हा आमच्यातला जुना रिवाज. कातडीचा रंग जरासा बिघडला तरी तिथं पहिल्यांदा कळतं. दुपारी एक ते दोन शैला अंगणवाडीत असायची. मी कंट्रोल रूमचं दार लावून आतल्याच पडद्यावर लाइन टेस्ट करायचो. पहिल्या महिन्यात लाइन टेस्ट झाली. पुढची सहा वर्षं मी काय टेस्ट करत होतो ते माझं मला माहीत.

आमच्या गावच्या चॅनलवर तेजलचा कार्यक्रम दर शुक्रवारी सकाळी अकराला असायचा. ‘गोठ्यातला सल्ला’. संघाच्या इमारतीतली एक खोली, टेबल, मागं खिलार बैलाचं कॅलेंडर. कॅमेऱ्यामागं मी स्वतः. कॅमेऱ्यात चित्र साठायचं नाही, तिथून नुसतं वर्णन निघायचं, गावाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या कंट्रोल रूममधल्या बॉक्समध्ये रंगायचं आणि घरोघर जायचं. म्हणजे असं बघा, गाव बघायचं ते रंगाऱ्याचं चित्र. मी मात्र समोर बसलेल्या माझ्या पोरीलाच बघत असायचो. शैला त्या वेळी अंगणवाडीत. आमच्या घरात त्या कार्यक्रमाचं चित्र कुणी कधी बघितलंच नाही.

सलूनमध्ये एकदा दाढी करताना कुणीतरी म्हणालं, "अण्णा, तुमच्या चॅनलवर बायका लई ग्वाड दिसत्यात." मी फुगलो. म्हटलं, "लाइन क्लीन ठेवतो मी."

मार्गशीर्षातल्या पहिल्या शुक्रवारी विषय होता गाईचा माज कसा ओळखायचा. जनावरांच्या डॉक्टरनं हे नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? तेजलला सर्दी झाली होती. नाक पुसत, कागदात बघत ती सांगत होती. गाय वारंवार हंबरते, चारा कमी खाते, दुसऱ्या गाईनं अंगावर उडी घेतली तरी हलत नाही. सकाळी लक्षणं दिसली तर संध्याकाळी भरवून घ्या, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मला तर कंटाळा आला होता. कधी संपतंय असं झालं होतं.

गावानं काय बघितलं ते मला सोमवारी कळलं.

सोमवारी दुपारी तेजल घरी आली ती गाडी स्टँडवरही न लावता. उजव्या मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. खिलारेवस्तीवर म्हैस बघायला बोलावलं होतं, संघाचे चेअरमन अशोकतात्या खिलारे यांच्या पुतण्यानं, संपतनं. गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं तिचा हात धरला. तिनं सोडवायला बघितलं तर म्हणाला, "आता का लाजता मॅडम? टीव्हीवर तर डोळ्यांनी बोलवत होता."

तिनं त्याला दाव्यानं तोंडावर मारलं आणि निघाली.

"पप्पा, तो पिलेला नव्हता," ती म्हणाली. "त्याला खरंच तसं वाटत होतं. तो माझ्याकडं बघून चिडला, मी त्याला फसवलं असल्यासारखा. असं का म्हणाला तो?"

मी काय करायला हवं होतं? संपतच्या दारात जायला हवं होतं, पोलिसात जायला हवं होतं. त्याऐवजी मी मोबाइल काढला. कुणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून घेतलेली क्लिप गावच्या ग्रुपवर तीन दिवस फिरत होती. मला सोडून सगळ्यांना आली होती. मी ती मिळवली आणि बघितली.

आवाज तेजलचा. शब्द तेजलचे. पण चित्रातली तेजल गाईचं बोलून झालं की मान डावीकडं कलती करायची, खालून वर बघायची, ओठाचा कोपरा दाताखाली धरायची आणि मग अर्धवट हसायची. प्रत्येक वाक्याला नाही, मधूनच. सर्दीचा रुमाल होता, पण तो ती नाकाला लावत नव्हती, गालाला लावत होती.

माझं टाळकं सरकलं. मी पोरीला विचारलं, "तू असं बघितलंस कशाला?"

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही समोर होता."

"मी कॅमेरा सांभाळत होतो! माझं काय लक्ष होतं? हे बघ, हे काय आहे? चार माणसांत राहायचंय आपल्याला!"

खोटं बोललो. माझं लक्ष होतं. मी तिला बघत होतो आणि तिनं असलं काही केलं नव्हतं. पण पडद्यावर दिसतंय ते खरं, ही आमच्या धंद्यातली मुरलेली खोड. माझ्या डोळ्यांपेक्षा मी मोबाइलवर विश्वास ठेवला. ती आत गेली आणि तिनं दार लावलं.

मंगळवारी संघातून निरोप आला. संपतनं उलट तक्रार केली होती की डॉक्टरीणबाईंनी विनाकारण मारलं. क्लिप पुरावा म्हणून जोडली होती. रविवारी सभा.

बुधवारी सकाळी शैला भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, एक विचारू का? त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घरी होते ना, तेव्हा टीव्हीवर दाखवलं होतं. चेअरमनच्या थोरल्या बहीण अक्कासाहेब वाण देत होत्या. पासष्टीच्या बाई. त्यांनी पण अशीच मान केली होती."

"कशी?"

"अशीच. तेजलसारखी. मला हसूच आलं होतं, म्हटलं या वयात काय हे. आणि परवा ती दिल्लीची बातम्यावाली पुराचं सांगत होती, माणसं मेल्याचं, तिनं पण ओठ असाच धरला. सगळ्या बायका एकाच बाईवानी दिसाय लागल्यात. तुमच्या बॉक्सात तर काही नाही ना?"

मी चहा खाली ठेवला.

"मी दुपारी अडीचला येते कंट्रोल रूममध्ये," ती म्हणाली. "दाखवा मला काय ते."

मी तिथून उठलो तो थेट कंट्रोल रूमवर. दार लावलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या कप्प्याची नोंद पडद्यावर घेतली. लांबलचक यादी. तारीख, वेळ. वेळ बहुतेक दुपारी एक ते दोन. कुठं थांबवलं, कुठं मागं घेतलं, किती वेळा. आणि सगळ्यात वर, सगळ्यात जास्त वेळा बघितलेला म्हणून एक चेहरा.

तिचं नाव मला माहीत नाही. कधी माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही. कुठल्या देशाची, जिवंत आहे की नाही, देव जाणे. पण ती मान मी ओळखली. डावीकडं कलणारी. तो ओठही ओळखला. मीच तर बटण दाबून दाबून तिथं थांबायचो. सहा वर्षं मी रंगाऱ्याला एकच गोष्ट सांगत आलो होतो, की बाई म्हटली की मला अशी हवी. त्यानं ऐकलं. त्याला काय माहीत की समोरची बाई माझी पोरगी आहे? त्याला सगळ्या सारख्याच. अक्कासाहेब, बातम्यावाली, तेजल.

मी पडदा बंद केला. पुन्हा लावला, यादी तिथंच होती.

मग घड्याळ बघितलं. शैला अडीचला येणार होती. ती यादी तिच्या डोळ्यांपुढं येणार होती, तारीखवार. उद्या कंपनीचा माणूस आला, पोलीस आले, तर सगळ्या गावापुढं येणार होती. मी विचार केला, आवड पुसली की चित्र साफ होतं. चित्र साफ झालं की विषय मिटला. पोरगी सुटली, मीही सुटलो. कुणाला काही सांगायची गरज नाही. मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं.

पुसून टाकायला चार सेकंद लागले.

शैला आली, तिनं बॉक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय होतं?"

"काही नाही. मेमरी भरली होती. साफ केली."

ती माघारी वळली. पंधरा वर्षं अंगणवाडीत काढलेली बाई ती, पोरं खिशात काय लपवतात हे तिला न बघता कळतं.

गुरुवारी सकाळी तेजल माझ्यापाशी आली. दोन दिवस जेवली नव्हती. जमिनीवर माझ्या खुर्चीजवळ बसली, लहानपणी बसायची तशी, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, गावानं काहीही म्हणू दे. मला फक्त तुम्ही सांगा. मी तसं केलं नाही यावर तुमचा विश्वास आहे ना? तुमचा असेल तर मी सभेत उभी राहीन. नसेल तर मग मलाच कळत नाही, मी केलं की काय. क्लिप बघून बघून आता मलाच माझी खात्री वाटत नाही."

मी म्हणालो, "बघू. रविवारी बघू काय होतंय ते."

तिनं हात काढून घेतला.

शुक्रवारी कार्यक्रम झाला. तिला यायचं नव्हतं. मीच आग्रह केला, ये, उलट येच, न आलीस तर लोक म्हणतील भ्याली. मनात म्हटलं, आज चित्र साफ जाणार, लोक बघतील, तोंडं बंद होतील. विषय होता लाळ-खुरकतीची लस. चित्र साफ गेलं. सरळ मान, सरळ नजर, लाल नाक.

आणि दुपारपर्यंत गावभर झालं, "बघा, तक्रार झाल्याबरोबर कशी सुधारली! म्हणजे आधी मुद्दामच करत होती."

कपाळावर हात मारून घेतला मी. आयुष्यभर चित्रं पोचवली आणि लोक चित्र बघून काय म्हणतील एवढंसुद्धा मला कळलं नाही! जुनं चित्र वाईट, नवं चांगलं, मधे तक्रार. याचा दुसरा अर्थ कोण काढणार? ते पुसलं नसतं तर बॉक्स उचलून सभेत ठेवता आला असता. पुरावा होता, फक्त त्यावर माझं नाव होतं.

रविवारी सकाळी संघाच्या सभागृहात दीडेकशे माणूस. पुढच्या रांगेत संपत, गालावर दाव्याचा वळ मिरवत. तेजल दाराजवळच्या खुर्चीत एकटी. शैला तिच्या मागं उभी. कुणी त्या बाजूला बसलं नव्हतं. त्या दिवशी संघाच्या जुन्या संचालकांचा सत्कारही होता, टेबलावर शाली-नारळ मांडून ठेवले होते. आधी हे प्रकरण उरकू, मग सत्कार, असं ठरलेलं.

अशोकतात्या माणूस तसा वाईट नाही. उठले आणि म्हणाले, "मुलगी आपलीच आहे. चुकली असेल. आपण तिला बदनाम करत नाही. नोकरीतून मोकळी करतो आणि झाल्या प्रकाराचा अहवाल वर पाठवतो. डॉक्टरकीचं काय करायचं ते वरचे लोक बघतील."

डॉक्टरकीचं! एवढी वर्षं शिकून मिळवलेलं तिचं ते एकच. कोपरापर्यंत हात घालून मिळवलेलं. मी उभा राहिलो.

"तात्या, तिनं काही केलेलं नाही. माझ्या बॉक्सनं केलंय." सगळे वळून बघायला लागले. मी रंगाऱ्या सांगितला, आवडीचा कप्पा सांगितला, एक बॉक्स आणि अकराशे जोड सांगितले. लोक एकमेकांकडं बघत होते. मग उरलेलं सांगितलं. "त्या बॉक्सला शिकवलं मी. सहा वर्षं, रोज दुपारी दार लावून तसले पिक्चर बघत होतो. ती मान, तो ओठ त्यातल्या एका बाईचा आहे. मला आवडायचा म्हणून त्यानं तो सगळ्या बायकांच्या तोंडावर चढवला. माझ्या पोरीच्याही. ती निर्दोष आहे. काय शिक्षा करायची ती मला करा."



तात्या म्हणाले, "मग बॉक्स आणा. दाखवा."

"पुसलाय."

"कधी?"

"बुधवारी."

"का?"

"लाज वाटली म्हणून."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग आता परत शिकवून दाखवा की अण्णा!" आणि हशा पिकला.

मी चिडलो. म्हणालो, "तात्या, तुमच्या अक्कासाहेबांनीसुद्धा संक्रांतीला वाण देताना तशीच मान केली होती. शैलानं बघितलंय. विचारा!"

तात्यांचा चेहरा लालबुंद झाला. दोन-चार जण अंगावर धावून आले. पण तेवढ्यात शिंगाडे गुरुजी उठले. ऐंशीच्या घरातले, गावाला त्यांचा शब्द प्रमाण. त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले.

"मंडळी," गुरुजी म्हणाले. "राग धरू नका. समजून घ्या. हणमंताला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो. त्याच्या तोंडून कधी वावगा शब्द नाही. आज तो स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय. कशासाठी? लेकीची चूक आपल्या अंगावर घ्यायला! असलं घाणेरडं खोटं भर सभेत बोलायला काय काळीज लागत असेल! बाप असावा तर असा."

एकानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळं सभागृह उभं राहिलं. मी ओरडत होतो, "खरं आहे, आईशप्पथ खरं आहे!" तसतशा टाळ्या वाढत होत्या. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. संपतसुद्धा उभा राहून टाळ्या वाजवत होता. तात्या व्यासपीठावरून खाली आले, सत्काराच्या टेबलावरची एक शाल उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली. हातात नारळ दिला. कानात म्हणाले, "अण्णा, तुमच्याकडं बघून अहवाल वर पाठवत नाही. पण पोरीला बाहेरगावी ठेवा आता. लग्नाचं बघा."

मी मान खाली घातली. शाल नीट बसावी म्हणून.

बाहेर आलो तर तेजल गाडीपाशी उभी होती. पेटी बाजूला बांधलेली. शैला तिच्याशेजारी, तिची पिशवी हातात घेऊन. म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं.

"बेटा, मी सांगितलं सगळं," मी म्हणालो. "कुणी ऐकलंच नाही."

"मी ऐकलं," ती म्हणाली. "मला माहितीये तुम्ही खरं बोललात. एवढ्या माणसांत मला एकटीलाच पटलं असेल."

माझ्या जिवात जीव आला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढं झालो. ती मागं सरकली.

"बुधवारी पुसलंत," ती म्हणाली. "गुरुवारी मी तुमच्या पायाशी बसले होते. मला वाटत होतं मला वेड लागलंय. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"त्यांना वाटलं तुम्ही खोटं बोलताय, म्हणून ते उठून उभे राहिले. खरं वाटलं असतं तर चपलांनी मारलं असतं."

"मारायलाच हवं होतं गं."

"मग शाल का घेतलीत, पप्पा?"

तिनं गाडी चालू केली, शैला मागं बसली आणि दोघी फाट्याच्या दिशेनं गेल्या. आतून सत्काराचा पुढचा भाग चालू झाला होता, माइकवर पहिल्या संचालकाचं नाव पुकारत होते. बाहेर आलेली माणसं एकेक करून माझ्याजवळ येत होती आणि माझ्या पाया पडत होती.